शहाबादीवर लॅमिनेट : कडा न उडवता बसवण्याच्या कामाच्या नोंदी, सोलापूर

काम : होटगी रोडवरच्या जुन्या घराची पहिल्या मजल्यावरची खोली, ३.६५ × ४.२५ मीटर. खाली शहाबादी फरशी. वर ८ मिमी जाडीचं, लॉकवालं लॅमिनेट, म्हणजे कडांच्या जीभ-खाचेने एकमेकींत अडकणाऱ्या जमिनीच्या पट्ट्या. एक पट्टी १२१५ × १९५ मिमी, खोक्यात ९ पट्ट्या, खोकं साधारण २३ चौरस फुटांचं. लॉक लांब आणि आखूड दोन्ही बाजूंनी तिरकं घालून खाली दाबायचं, ठोकून आडवं सरकवायचं नाही.

नोंदी ठेवण्याचं कारण एकच. या मालाच्या कडा वापरात फार कमी उडतात. त्या टेम्पोत, जिन्यात, कापताना आणि ठोकताना उडतात. एकदा टवका उडाला की आतला दाबलेल्या लाकडी तंतूंचा गाभा उघडा पडतो आणि तिथूनच पट्टी पाणी पिते.

४ मार्च : माल आला

हिशेब आधी कागदावर केला. भिंतींलगत १०-१० मिमी फट सोडली की लांबी ४२३० मिमी उरते. पहिल्या ओळीत ३ अख्ख्या पट्ट्या आणि ५८५ मिमीचा तुकडा बसतो. त्याच पट्टीचा, कापात २ मिमी जाऊन उरलेला ६२८ मिमी तुकडा दुसऱ्या ओळीची सुरुवात करतो, मग २ अख्ख्या, मग ११७२. म्हणजे दोन ओळींना ७ पट्ट्या. रुंदीत १८ पूर्ण ओळी आणि एक चिरलेली, एकूण १९. गरज ६७ पट्ट्यांची, घेतल्या ८ खोकी म्हणजे ७२. "दहा टक्के जास्त घ्या" हा ठोकताळा ठीक आहे, पण ओळी मांडून मोजल्या की नेमक्या किती पट्ट्या हाताशी जादा आहेत ते कळतं. इथे पाच.

टेम्पोवाल्याने खोकी उभी लावून आणली. ही पहिली चूक, आणि ती आपली, कारण चढवताना कुणी उभं राहिलं नाही. उभ्या खोक्याचं सगळं वजन खालच्या कोपऱ्यांवर येतं. उघडून पाहिल्यावर ३ पट्ट्या खराब निघाल्या : दोघींचा आखूड बाजूचा कोपरा १२-१५ मिमी दबलेला, एकीची लांब कड मध्यभागी चेपलेली.

कोपरा दबलेल्या दोन्ही पट्ट्या बाजूला ठेवल्या. सम ओळींच्या शेवटी ११७२ मिमी लागतात, म्हणजे पट्टीचं ४३ मिमी टोक असंही कापून टाकायचं आहे. दबलेला कोपरा त्यातच गेला. त्यासाठी एक गोष्ट जुळावी लागते : दबलेलं टोक भिंतीकडचंच हवं, दुसऱ्या टोकाचं लॉक शाबूत हवं. लांब कड चेपलेली पट्टी मात्र कामातून गेली. ती चाचणीच्या कापांसाठी आणि ठोकळे करायला ठेवली.

जिना चढवताना खोकं दोघांनी, आडवं. एकट्याने खांद्यावर नेलं की पुढचं टोक हमखास वळणावर भिंतीला घासतं.

५ मार्च : ठेवण्याची जागा

खोकी त्याच खोलीत आडवी, जमिनीवर दोन लाकडी पट्ट्या टाकून, खिडकीच्या उन्हापासून दूर. ४८ तास किमान. आपल्याकडे यात एक गोष्ट जास्तीची आहे : कूलर. मार्च ते जून ज्या खोलीत पाण्याचा कूलर चालतो, तिथली हवा बाहेरच्या कोरड्या हवेपेक्षा कितीतरी ओलसर असते. खोली कोरडी ठेवून माल सरावला आणि नंतर कूलर लावला, तर पट्ट्या बसवल्यावर फुगतात. म्हणून या दोन दिवसांत कूलर रोजच्यासारखा, दुपारी चालू ठेवला. खोक्यांचं प्लास्टिक दोन्ही टोकांना फाडून ठेवलं, नाहीतर ४८ तास नुसते मोजण्यापुरतेच.

८ मार्च : जमीन तपासली, काम थांबलं

शहाबाद जवळच असल्यामुळे सोलापुरातल्या जुन्या घरांत ही फरशी सगळीकडे दिसते. ती टिकते, पण सपाट नसते. लाद्यांची जाडी कमीजास्त असते आणि सांधे १०-१२ मिमीचे.

२ मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी फिरवून खडूने खुणा केल्या. २ मीटरला ३ मिमीपर्यंत चालतं. इथे खिडकीखाली ७ मिमी खळगा आणि मधोमध एका लादीची कड ४ मिमी वर. लॅमिनेटची कड नंतर का उघडते याचं बहुतेक उत्तर इथेच असतं. खाली पोकळी राहिली की पाय पडल्यावर सांधा वाकतो, लॉकची खालची ओठासारखी पातळ कड रोज थोडी थोडी तुटत जाते, आणि वर्षभराने वरून फट दिसते. पट्ट्यांखाली जाड फोम टाकून हे झाकता येत नाही. उलट ५ मिमीचा मऊ फोम सांध्याला जास्त वाकू देतो.

ओल तपासायला ६० × ६० सेंमी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करून तीन ठिकाणी लावलं.

९ मार्च

दोन ठिकाणी कोरडं. बाथरूमच्या भिंतीलगतच्या प्लास्टिकखाली थेंब. बाथरूमच्या टाइल्सचे सांधे उघडे पडले होते, पाणी भिंतीखालून येत होतं. गवंड्याकडून सांधे खरवडून नव्याने भरून घेतले, १,२०० रुपये. वाळायला पाच दिवस दिले. हे पाच दिवस वाचवायचा मोह होतो. पण ओल असलेल्या भागावर प्लास्टिक अंथरून पट्ट्या बसवल्या, तर ओल तिथेच कोंडून भिंतीकडच्या कडा खालून फुगतात.

१४ मार्च : सपाटीकरण, एक पोतं वाया

प्लास्टिकची चाचणी पुन्हा केली, कोरडं. उंच लादीची कड ग्राइंडरला दगडाची चकती लावून उतरवली. खोलीचं दार बंद, तोंडाला मास्क, तरी धूळ शेजारच्या खोलीत गेलीच. दाराखाली ओलं पोतं लावायला हवं होतं.

खळग्यासाठी सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड (पाण्यात कालवून ओतलं की आपोआप सपाट पसरणारी पावडर), २५ किलोचं पोतं, १,३०० रुपये. साधारण ३ चौरस मीटर भागावर सरासरी ४ मिमी. चौरस मीटरला दर मिमी जाडीला सुमारे दीड-पावणेदोन किलो माल लागतो, म्हणजे एक पोतं पुरेल.

लादीवर प्रायमर मारला. चूक पाणी घालताना झाली. माल घट्ट वाटला म्हणून पोत्यावर छापलेल्या मापापेक्षा जवळजवळ एक लिटर पाणी जास्त घातलं. दुसऱ्या दिवशी वरचा थर खडूसारखा, नखाने निघत होता. सगळा खरवडून काढला आणि दुसरं पोतं आणलं. या वेळी पाणी मापाच्या भांड्याने मोजलं, आधी पाणी, मग पावडर, ड्रिलला फेटणी लावून तीन मिनिटं. उन्हाळ्यात दुपारी हा माल पटकन आवळतो, त्यामुळे सकाळी आठच्या आत ओतला.

पीओपीने खळगे भरण्याचा सल्ला बरेच कारागीर देतात, कारण ते स्वस्त आणि लगेच वाळणारं. पायांच्या दाबाखाली त्याची पावडर होते आणि पुन्हा पोकळी तयार होते. करू नये.

१८ मार्च : कापण्याच्या चाचण्या

चेपलेल्या पट्टीवर सगळी हत्यारं वापरून पाहिली. नियम एकच लक्षात ठेवायचा : दाते ज्या बाजूने लाकडात शिरतात ती बाजू स्वच्छ राहते, जिथून बाहेर पडतात तिथे टवके उडतात.

जिगसॉच्या (खालीवर हलणाऱ्या ब्लेडच्या मशीन करवतीच्या) साध्या ब्लेडचे दाते वर जाताना कापतात. पट्टी सुलटी ठेवून कापली तर वरच्या छापील थराची कड झालरीसारखी उडाली, २ ते ४ मिमीचे टवके. तीच पट्टी उलटी करून, मागच्या बाजूने कापली तर वरची कड स्वच्छ. उलट दात्यांचं ब्लेड वापरलं तर पट्टी सुलटी ठेवूनही स्वच्छ कापते, फक्त मशीन वर उसळतं, म्हणून हाताने दाबून धरावं लागतं. हे ब्लेड इथे लगेच मिळालं नाही, पुण्याहून मागवलं, चार दिवस गेले. काम सुरू करण्याआधी मागवून ठेवा.

हातकरवतीचे दाते खाली ढकलताना कापतात, म्हणून पट्टी सुलटी. हातात धरायच्या गोल ब्लेडच्या कटरला पट्टी उलटी. मार्बल कटरला लाकडाचं ४० दात्यांचं ब्लेड लावायचं असेल, तर ब्लेडवर छापलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी नाहीत हे आधी वाचायचं. दगडाच्या चकतीने लॅमिनेट कापू नये. ती कापत नाही, जाळते, आणि काळी पडलेली कड पुढे भुगा होते.

मास्किंग टेपने टवके कमी झाले, पण चुकीच्या ब्लेडची भरपाई झाली नाही. टेप काढताना कडेला समांतर, हळू ओढायची. झटक्याने काढली तर तीच कपची घेऊन येते.

या मालाचा वरचा थर घासला जाऊ नये म्हणून फार कडक असतो आणि तोच ब्लेडचे दाते खातो. साधारण १४ कापांनंतर कड खरबरीत यायला लागली, ब्लेड बदललं. ब्लेड वाचवण्यात अर्थ नाही. ब्लेड १२० रुपयांचं, पट्टी २३३ रुपयांची.

१९ मार्च : पहिल्या पाच ओळी

आधी २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, सांध्यांवर २०० मिमी चढवून टेप. त्यावर २ मिमी फोम, पट्ट्यांच्या आडव्या दिशेने, एकमेकांवर न चढवता, टोकाला टोक लावून.

पहिल्या भिंतीला दोरी लावली. ४ मिमी पोट निघालं, म्हणून भिंतीकडची फट ८ ते १२ अशी धरली आणि ओळ दोरीने सरळ ठेवली. भिंतीला चिकटून ओळ चालवली असती तर पुढच्या प्रत्येक ओळीत सांधा थोडा उघडा राहिला असता आणि तो ठोकून मिटवण्याच्या नादात कड गेली असती. पहिल्या ओळीच्या भिंतीकडच्या बाजूची जीभ कापून टाकली, खाच खोलीकडे.

पद्धत : नव्या पट्टीची जीभ मागच्या ओळीच्या खाचेत २०-२५ अंशांवर घालायची, हलकेच वरखाली हलवत दाबायची, बसली की पट्टी आपोआप खाली येते. जोर लावावा लागतोय याचा अर्थ काहीतरी अडकलं आहे. इथे प्रत्येक वेळी तेच निघालं : कापताना उडालेला भुसा खाचेत. तांदळाच्या दाण्याएवढा कण असला तरी सांधा पूर्ण मिटत नाही, आणि वरून ठोकलं की खाचेचा खालचा ओठ तुटतो. दर पट्टीआधी एक इंची कोरड्या ब्रशने खाच आणि जीभ दोन्ही झाडली. कापण्याची जागा गॅलरीत हलवल्यावर हा त्रास निम्म्याने कमी झाला. ती सुरुवातीपासून तिथेच हवी होती.

एक पट्टी चुकीच्या टोकाला कापली गेली. सम ओळीच्या शेवटची ११७२ची पट्टी, पण लॉकवालं टोकच ४३ मिमी उडवलं. फेकली नाही. तिचं दुसरं टोक शाबूत होतं, म्हणून ती पुढच्या ओळीची पहिली पट्टी झाली. सांध्यांत ५४४ मिमी अंतर आलं, किमान ३०० लागतं. मापं घेताना पट्टी फिरवून ओळीशेजारी ठेवायची आणि जे टोक टाकायचं त्यावर पेन्सिलने मोठी फुली. फुली सुरू केल्यापासून ही चूक पुन्हा झाली नाही.

२० मार्च : सहा ते चौदा ओळी, दोन पट्ट्या गेल्या

सातव्या ओळीत एक सांधा केसभर उघडा राहिला. मदतनिसाने हातोडा थेट पट्टीच्या खाचेवर मारला, मध्ये ठोकळा न धरता. ओठ तुटला, सांधा मिटला. वरून काही दिसत नव्हतं. पुढची ओळ घालताना तिथे जीभ धरलीच नाही. दोन ओळी उकलून पट्टी बदलली. पाऊण तास गेला.

दुसरी पट्टी गुडघ्याने गेली. बसलेल्या ओळीवर गुडघे टेकून काम करताना वजन मोकळ्या खाचेवर आलं. तो ओठ जेमतेम दोन-तीन मिमी जाड असतो आणि त्याखाली फोम. गुडघे नेहमी एक ओळ मागे, आणि खाली दुमडलेली चादर.

उघडा राहिलेला सांधा मिटवायला विकतचा प्लास्टिकचा ठोकळा फार उपयोगाचा नव्हता, त्याची सरळ कड ओठावरच दाबते. चेपलेल्या पट्टीचा ३०० मिमी तुकडा जीभेसकट घेतला, त्याची जीभ बसवायच्या पट्टीच्या खाचेत घातली आणि तुकड्याच्या मागच्या कापलेल्या बाजूवर हातोडा मारला. मार संपूर्ण खाचेवर पसरतो. हातोडा ३०० ग्रॅमचा, मनगटाने टकटक. एका जागी चार जोरदार ठोक्यांपेक्षा पट्टीच्या लांबीवर दहा हलके. तुकड्याचा लॉक झिजतो, दर तीन-चार ओळींनी नवा घ्यायचा.

२१ मार्च : शेवटच्या ओळी आणि दार

खोली गुण्यात (काटकोनात) नव्हती. रुंदी एका टोकाला १८ मिमी कमी. शेवटची ओळ एका बाजूला १२० आणि दुसऱ्या बाजूला १०२ मिमी. प्रत्येक पट्टीचं माप दोन्ही टोकांना वेगळं घेतलं. लांब चिरा जिगसॉने वाकड्या जातात, म्हणून पट्टी उलटी करून, सरळ पट्टीचा आधार लावून कटरने चिरल्या.

भिंतीकडे ठोकळा मावत नाही, तिथे ओढायचा लोखंडी पट्टा लागतो. त्याची दुमडलेली बाजू वरच्या थरावर टेकते आणि चरे पाडते. खाली जाड पुठ्ठ्याची घडी ठेवली. हुक कापलेल्या कडेलाच अडकवायचा.

सागवानी चौकटीला फिरून पट्टी कोरण्याऐवजी चौकटच खालून कापली. पट्टीचा तुकडा आणि फोम खाली ठेवून, म्हणजे १० मिमी उंचीवर, हातकरवत आडवी चालवली. पट्टी चौकटीखाली सरकते आणि कोरलेली कमकुवत कड राहत नाही. चौकटीखाली पट्टी तिरकी करता येत नाही, म्हणून तेवढ्या भागात आधीच्या ओळीच्या खाचेचा वर आलेला ओठ पटाशीने सपाट केला, पाण्याला टिकणारा डी-३ गोंद लावला आणि पट्टी आडवी ओढून बसवली. दाराची फळी खालून १२ मिमी रंधून घेतली.

दारात ॲल्युमिनियमची टी पट्टी. स्क्रू खालच्या फरशीत, लॅमिनेटमधून नाही.

२४ मार्च : स्कर्टिंग, खर्च

फट राखायला भिंतीलगत लावलेल्या पाचरी काढल्या. फटीत भुसा, सिमेंट काही राहू दिलं नाही. दर मीटरला दीड मिमी फुगण्याची जागा धरतात, ४.२५ मीटरला साडेसहाच्या आसपास, इथे १० आहे. स्कर्टिंग भिंतीला लावलं, जमिनीला नाही. बाथरूमच्या उंबऱ्यालगतची फट सिलिकॉनने भरली.

दोन जागी २ मिमीचे टवके राहिले होते, रंग जुळवून मेणाच्या कांडीने भरले. तिसरा ५ मिमीचा होता, तो मेणाने दिसेनासा झाला नाही. तिथे कपाट येणार आहे.

खर्च रुपयांत : पट्ट्या १६,८००, फोम १,४००, प्लास्टिक ६००, कंपाउंड दोन पोती २,६००, स्कर्टिंग ७ नग २,३८०, टी पट्टी ६५०, पाच ब्लेड ६००, गोंद, टेप, सिलिकॉन, मेण ७८०, ग्राइंडर भाडं ४००, गवंडी १,२००, मदतनीस दोन दिवस १,८००. एकूण २९,२१०. यातले एक पोतं आणि तीन पट्ट्या, म्हणजे सुमारे २,००० रुपये चुकांचे. उरल्या २ पट्ट्या, पलंगाखाली आडव्या.

११ मे

कूलर दीड महिना चालला. स्कर्टिंग एका जागी काढून फट मोजली : १० ची ८ झाली आहे. सांधे बंद. कूलरखाली तसराळं ठेवलं आहे, कारण त्याच्या कोपऱ्यातून थेंब पडतोच. नळाला पाणी येण्याच्या दिवशी बाथरूममधलं पिंप भरून वाहिलं होतं. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, सिलिकॉनने अडवलं.

२ ऑगस्ट : एक कड फुगली

बाथरूमसमोर सोळाव्या ओळीतली भिंतीकडची पट्टी. सांध्याकडची कड अर्धा मिमी वर आली, बोटाला लागते. कारण शोधायला वेळ लागला नाही : शहाबादी पुसायची तशीच बादलीत बुडवलेल्या ओल्या फडक्याने जमीन पुसली जात होती, आणि त्या जागी पाणी साचून राहत होतं. फुगलेला गाभा वाळला तरी खाली बसत नाही, पट्टीच बदलावी लागते.

स्कर्टिंग काढून शेवटची ओळ उकलली, मग अठरावी, सतरावी, मग ती पट्टी. दारापाशी गोंद लावलेला तुकडा सुटला नाही, तो कापून काढावा लागला. म्हणजे एकीसाठी दोन पट्ट्या गेल्या, उरलेल्या दोन्ही. चार तास. पुढच्या खेपेला चौकटीखाली गोंद फक्त दोन बोटं लावायचा आणि तिथला तुकडा शक्य तितका लहान ठेवायचा.

आता फडकं घट्ट पिळून, कोरडं होईल इतपतच. त्याच लॉटचं खोकं दुकानात राहिलं नव्हतं. नव्या लॉटची छटा शेजारी ठेवल्यावर किंचित पिवळी दिसते, तरी दोन पट्ट्या घेऊन ठेवल्या, पलंगाखालच्या जागेत लागल्या तर लावायला. खोक्यावरचा लॉट क्रमांक आणि मॉडेल कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला आहे.